कुठला जितेंद्र राऊत?

माझ्या नवऱ्याच्या तोंडात एकच शब्द आहे, 'चालेल'. भाजीत मीठ नाही, चालेल. दूधवाल्याने कालचं दूध दिलं, चालेल. आगाशीच्या वाडीची वाटणी झाली तेव्हा धाकट्या भावाने विहिरीकडची बाजू घेतली आणि ह्याच्या वाट्याला रस्त्यापलीकडचा कोरडा तुकडा आला, तरी चालेल. सासूबाईंनी धाकट्याशी बोलणं टाकलं, आणि हा पठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी त्याच भावाचे केळीचे घड टेम्पोत चढवायला हजर. मी सोळा वर्षं ह्या माणसाला समजावतेय, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सासूबाईंना घेऊन आम्ही गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो. तोही चौथ्या मजल्यावरचा, कारण तळमजला दुसऱ्या कुणाला तरी हवा होता.

नाव जितेंद्र राऊत. सातिवलीला प्लास्टिकच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. आणि तुम्ही हसणार नसाल तर सांगते, तो व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू आहे. चार वर्षांपूर्वी राज्यातल्या शहरांची लीग निघाली, प्रत्येक शहराचा संघ, संघाला मालक, खेळाडूंना करार. वसईच्या संघात ह्याला घेतलं, कारण शाळेपासून हा एकही प्रॅक्टिस चुकवत नाही आणि संपल्यावर सगळे बॉल गोळा करून देतो. खेळायला मात्र कुणी उतरवत नाही. सामना हातचा गेला किंवा खिशात आला की शेवटी जरा वेळ पाठवतात, बाकी बाकावर. एकदा मी चिडून म्हटलं की सामन्याला जाताना बुडाखाली घ्यायला एक उशी घेऊन जा, तर हा कपाटात उशी शोधायला लागला.

हा त्याचा शेवटचा सीझन. गुडघे बोलायला लागलेत, कारखान्याचा मालकही किती दिवस अर्ध्या रजा देणार? दिवाळीत पणत्या लावताना तो मला म्हणाला, एकदा तरी सुरुवातीच्या पाचांत उतरायचं होतं गं. बाकी काही नाही, शिट्टी वाजते तेव्हा मैदानात असायचं होतं. एवढं एकच मागणं ह्या माणसाने आयुष्यात केलं आणि तेही मला, जिचा त्या खेळाशी काडीचा संबंध नाही. मी वालीवला पॅकिंगच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे, माझ्या हातात खोके आहेत, बास्केटबॉल नाही.

आता ह्या लीगमध्ये एक भानगड आहे. सीझन अर्धा झाला की अदलाबदलीची विंडो उघडते. म्हणजे आमचा खेळाडू तुम्ही घ्या, तुमचे दोन आम्हाला द्या. आमचे मालक बिल्डर, सलग पाच सामने हरल्यावर त्यांनी संघ असा बदलायला काढला जशा फ्लॅटच्या फरश्या. नंदाखाल गावच्या रुडॉल्फला कोल्हापूरला दिला. बहिणीच्या लग्नात तो नाचत होता आणि फोन आला, परवा हजर हो. बिचारा सुटाबुटातच जेवण टाकून बॅग भरायला गेला. त्या पंधरवड्यात एकाही पोराने फोन सायलेंटवर ठेवला नाही, आणि मला वाटलं, आपल्याला काय, आपला नवरा कोण मागणार?

रविवारी दुपारी हा बोय मासे साफ करत होता. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून फोन खांद्यात धरला. हो म्हणाला, हो हो म्हणाला, आणि शेवटी आलंच ते, चालेल. मग हात धुवून मला म्हणाला, 'मला नागपूरने मागितलंय.'

मी विचारलं, पुढचं काय विचारलंस? राहायचं कुठे, कारखान्याचं काय, पोरीची दहावी आहे, आईंना दवाखान्यात कोण नेणार? काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासूबाई पलंगावरून सगळं ऐकत होत्या. त्यांना मी विंडो म्हणजे काय ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, 'आमच्या वेळी साटंलोटं व्हायचं, पण त्यात पोरीला आधी पोरगा तरी दाखवायचे.'

पण त्याच्याकडे बघवत नव्हतं इतका तो खूश. पहाटे उठून सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉल आपटायला लागला, खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली तर त्यांनाच पेढे देऊन आला. कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली. नागपूरला थंडी असते म्हणून मी स्वेटर काढला, वर पुटपुटत होते आणि खाली घड्या घालत होते. मागितलंय म्हटल्यावर खेळवतीलच, हे दिवसातून चार वेळा ऐकून माझे कान किटले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी संघाचा मॅनेजर सॅन्टन आला. गास गावचा, चांगला माणूस, पण त्या दिवशी मूग गिळून बसलेला. जितेंद्र खाली बॅगेची चेन दुरुस्त करून घ्यायला गेला होता. सॅन्टनने चहा घेतला, दुसरा घेतला, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच सांगितलं की नागपूरने लांब्याला मागितलं होतं.

लांब्या म्हणजे दुसरा जितेंद्र राऊत. आमच्याच भावकीतला, बोळिंजचा, चोवीस वर्षांचा, सहा फूट पाच इंच, संघाचा हुकमी खेळाडू. आगाशी-बोळिंजात कुणाला जितेंद्र राऊत विचारलात तर आधी विचारतील, कुठला? शाळेजवळचा की लांब्या? आमच्याकडे राऊत पोत्याने आहेत, घर सांगितल्याशिवाय माणूस कळतच नाही. लीगच्या ऑफिसातल्या माणसाला हे कोण सांगणार? खेळाडूचा होकार घ्यायचा म्हणून त्याने यादीतला पहिला जितेंद्र राऊत लावला. दुसऱ्या कुणाला लावला असता तर त्याने दहा प्रश्न विचारले असते आणि घोळ तिथेच उघडा पडला असता. पण फोन लागला कुणाला, तर आमच्या चालेलला. कागद पुढे सरकले, शिक्के बसले, आणि नागपूरवाल्यांनी येणाऱ्याचा फोटो पाहिला तेव्हा बोंब झाली. आता हा लिहून देईल तरच चूक दुरुस्त होणार होती, आणि उद्या विंडो बंद.

'वहिनी, तुम्हीच सांगा त्याला,' सॅन्टन म्हणाला. 'माझ्याने नाही होणार.'

खरं सांगते, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. नवरा घरात राहणार, पोरीची परीक्षा नीट होणार. पण बाहेरच्या खोलीत बॅगेत भरायचं सामान पलंगावर मांडलेलं दिसलं आणि माझं डोकं फिरलं. चूक ऑफिसची, गरज नागपूरची, घाई मालकांची, आणि माझ्या माणसाला तू कुणाला नको आहेस हे सांगायचं मी? चोर सोडून संन्याशाला फाशी. मी सॅन्टनला म्हटलं की मी एक शब्द बोलणार नाही, चहा प्यायलायस तर आता तोंड उघड.

जितेंद्र आला. सॅन्टनने मान खाली घालून सगळं सांगितलं. तो दारातच उभा राहून ऐकत होता, नवी चेन लावलेली रिकामी बॅग हातात. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणेल, आत्ता म्हणेल, आणि म्हणाला तर मी हातातलं भांडं फेकणार होते, देवाशपथ.

त्याने विचारलं, लांब्याला जायचंय का? सॅन्टन म्हणाला, जायचंय, तिथे तो पूर्ण सामना खेळेल. मग विचारलं, आणि मी? सॅन्टन म्हणाला, तू आपला आहेसच की.

जितेंद्रने बॅग खाली ठेवली.

'सही करतो,' तो म्हणाला. 'पण शनिवारी मला सुरुवातीच्या पाचांत घ्यायचं. अर्ध्या सामन्यापर्यंत काढायचं नाही. हे मालकांना विचार, मग पेन दे.'

सॅन्टनने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच शिकवलं होतं. मी कसलं शिकवतेय, माझाच माझ्या कानांवर विश्वास बसत नव्हता. गॅलरीत जाऊन सॅन्टनने मालकांना फोन लावला. मालकांची बडबड आतपर्यंत ऐकू आली. पण लांब्या गेल्यावर त्या जागी उतरवायला माणूस नव्हता आणि नागपूरची दोन पोरं पुढच्या आठवड्यात यायची होती. शेवटी ते हो म्हणाले. जितेंद्रने सही केली आणि सॅन्टनला खालपर्यंत सोडायला गेला, हे मात्र त्याला केल्याशिवाय राहवेना.

शनिवारचा सामना वसईतच होता आणि कुणाशी असावा? नागपूरशी. कर्म आमचं. शिट्टी वाजली तेव्हा एका बाजूला लांब्या, नव्या जर्सीत, आणि त्याला अडवायला आमचा हा. नारळाच्या झाडापुढे पपई उभी करावी तसं ते दृश्य. पण तो मैदानात होता. शिट्टीच्या वेळी मैदानात होता, आणि मी बाकड्यावर उभी राहून ओरडत होते, वालीवच्या बायकांनी पाहिलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं.

लांब्याने धुऊन काढला हो. उडी मारायचा, बॉल टाकायचा, आणि माईकवरचा माणूस बोंबलायचा, जितेंद्र राऊत! पुन्हा, जितेंद्र राऊत! कुठला ते सांगायची मेल्याला गरज वाटली नाही. लोक हसायला लागले, माझ्या मागचा एक तर म्हणाला, ह्या काकाला कुणीतरी बाहेर काढा. मी वळून त्याला असं सुनावलं की तो जागा बदलून गेला. जितेंद्र धापा टाकत होता, तरी प्रत्येक वेळी परत धावून लांब्याच्या पुढ्यात उभा. अर्धा सामना संपायच्या जरा आधी लांब्याचा अंदाज चुकला, ह्याने बॉल पळवला आणि बोर्डाला लावून आत टाकला. जितेंद्र राऊत, माईकवाला त्याच सुरात म्हणाला. मी रडले, दुसरं काय करणार?

अर्ध्यानंतर बसवला त्याला, ठरल्याप्रमाणे. आम्ही सणकून हरलो. लांब्या जाताना ह्याच्या पाया पडला आणि हा त्याला नागपूरला स्वेटर लागेल म्हणून सांगत बसला.

घरी आलो तर दाराशी चपलांचा ढीग. शेजारच्या द्वारकाबाईंनी सासूबाईंना मोबाईलवर सामना लावून दिला होता आणि स्वतः कुकर बंद करायला निघून गेल्या होत्या. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे पडद्यावर नुसता उजेड दिसतो, पण कान शाबूत. त्यांनी पूर्ण सामना कानांनी पाहिला होता, आणि आख्ख्या मजल्याला बोलावून सांगितलं होतं. त्यांनी जितेंद्रला जवळ ओढलं, त्याच्या घामट गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

'एवढे गोल तू एकट्याने केलेस,' त्या म्हणाल्या, 'मग हरलात कसे रे?'

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. जितेंद्र खाली बसला, बुटाची नाडी सोडायला लागला.

'बाकीच्यांनी साथ दिली नाही, आई,' तो म्हणाला.