मामांनी रचलेली बाई

आमच्या गावात एका जुन्या व्यापाऱ्याचं घर जपून ठेवलेलं आहे. माझे मामेसासरे ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवतात आणि मागच्या खोलीत मामींसोबत राहतात. घर मोठं देखणं: रुंद जिना, रंगीत काचा, प्रशस्त जेवणघर. पण खांब कुठल्या लाकडाचे, यात लोकांना काडीचाही रस नसतो. जेवणघरात पोचेपर्यंत निम्मे जांभया देत असतात. अशाच एका कंटाळलेल्या घोळक्यापुढे मामांनी एकदा तिथल्या भिंतीकडे बोट केलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "व्यापाऱ्याची दुसरी बायको या भिंतीच्या आत गेली. बाहेर आली नाही."

जांभया थांबल्या.

मग ती बाई वर्षागणिक वाढत गेली. तिला लांबसडक केस आले, एक तापट सवत आली. मामा भिंतीपुढे वाकून म्हणत, "बाईसाहेब, पाहुणे आलेत," की लोक आधी दचकत, मग हसत. मामी म्हणायच्या, "माझ्याशी बोलायला यांना तोंड नाही, तिच्याशी मात्र दिवसभर गुलुगुलू."

यंदा त्या भिंतीला ओल आली. घर सांभाळणाऱ्या समितीने एका इंजिनिअर बाईंना बोलावलं. मी मामींचं गुडघ्याचं औषध घेऊन गेले होते, तेव्हा इंजिनिअर बाई हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकून बघत होत्या. एका जागी आवाज बदलला.

"आत पोकळी आहे," त्या सहज म्हणाल्या. "उद्या उघडू."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. खोलीत येऊन ते खाटेवर बसले.

"सूनबाई, ती बाई मी रचलीय. माझ्या डोक्यातून. मग भिंत पोकळ कशी?"

"अहो मामा, जुन्या घरात एखादं कपाट बुजवलेलं असतं, एखादं धुराडं."

"आणि तसं नसलं तर?"

"नसलं तर सवतीसाठी चहा टाकते," भाजी निवडता निवडता मामी म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "आत काही निघालं नाही, तर समिती खोटारडे म्हणून बाहेर काढेल. या वयात कुठे जायचं, ते बोला."

"खोली गेली तर जाऊ दे गं. पण आत खरंच कुणी असलं, तर इतकी वर्षं मी तिच्या तोंडावर लोकांना हसवत होतो."



दुसऱ्या दिवशी अख्खं गाव लोटलं. गवंड्याने पहिली वीट काढली आणि आतून गार, कोंदट हवा आली. पुढचे लोक मागे सरले. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. इंजिनिअर बाईंनी बॅटरी आत धरली.

"खिडकी आहे. शेजारचं घर खेटून उभं राहिलं, तेव्हा बुजवली असणार. बस, एवढंच."

मामांची पकड सैल झाली. तेवढ्यात गवंडी म्हणाला, "बाई, खाली बघा."

खिडकीच्या कट्ट्यावर कंगवा होता. दात तुटलेला, आणि त्यात लांब केसांचा गुंता.

इंजिनिअर बाईंनीच विचारलं, "मामा, तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

"नव्हतं ठाऊक," मामा सगळ्यांदेखत म्हणाले. आवाज कापत होता. "ती गोष्ट मी मनाने रचली. सगळी खोटी आहे. हवं तर मला काढून टाका."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "घाबरलाय बिचारा. ती बोलू देत नसेल."

मामांना कुणी काढलं नाही. समितीने ती खिडकी तशीच ठेवली, कंगव्यावर काचेची पेटी बसवली आणि शेजारी पाटी लावली. त्यावर मामांची गोष्ट, तापट सवतीसकट. पाटी काढा म्हणून मामा दोनदा अध्यक्षांकडे गेले. "अहो, किती हा विनय," म्हणून त्यांनी पाठ थोपटली.

आता मामा सगळं घर दाखवतात, जेवणघराच्या दाराशी मात्र थांबतात. "आत तुम्हीच बघून या," म्हणतात. लोकच बाहेर येऊन त्यांना ती गोष्ट ऐकवतात. कुणी सांगतं, काचेतला गुंता मघाशी हलला. मामा मान खाली घालून ऐकून घेतात.

परवा संध्याकाळी घर बंद करताना ते मला म्हणाले, "सूनबाई, तेवढी खिडकी लावतेस?"

मी विज्ञान शिकलेली बाई. गेले. झडपा ओढल्या, पण कडी अडकली. कट्ट्याकडे न बघता चाचपत मी ती कशीबशी सरकवली आणि निघाले. पळाले नाही. दारात मामा हात पुढे करून उभे होते, तो मात्र पोचण्याआधीच, लांबून हात ताणून धरला.