काकूंचे मासे आणि आमचा फ्रिज

"शी. मले तं किळसच येते बाई." एवढं म्हणून शेजारच्या काकू पदराचं टोक नाकाला लावायच्या. गल्लीत कुत्री व्याली की पदर. नळाला पहिलं गढूळ पाणी आलं की पदर. रविवारी आमच्या स्वयंपाकघरातून मटणाच्या फोडणीचा वास सुटला की पदर, शिवाय आमच्या बाजूची खिडकी धाडकन बंद.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. निम्मं जग त्यांना घाण वाटतं आणि उरलेलं निम्मं घाण होण्याच्या बेतात असतं.

आम्ही बौद्ध. अमरावतीच्या त्या कॉलनीत घर घेतलं तेव्हा मी घरोघर पेढे दिले. काकूंनीही पेढा घेतला. संध्याकाळी तो मला त्यांच्या कुंपणाच्या मुळाशी दिसला, मुंग्या लागलेला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते म्हणून त्या मला 'मॅडम' म्हणत, अगदी आदरानं, पण फाटकाच्या पलीकडून. त्यांना जगाची किळस यायची आणि मला त्यांची. पुढं जे घडलं त्यानं माझी किळस पार धुऊन निघाली, असं काही मी म्हणणार नाही.

अशा बाईच्या घरात माशांची काचेची पेटी होती. हौस काकांची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती आणली, त्यात गोल्डफिश सोडले, आणि वर्षभरात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पेटी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेली होती. ते दिवसभर उशीला टेकून मासे बघत. मासा डावीकडे गेला की डोळे डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. त्यांच्या अंगात तेवढीच हालचाल उरली होती, ती आणि डावा हात.

काकू त्या पेटीला 'डबकं' म्हणत. पाणी बदलायच्या, काचेवरचं हिरवं शेवाळ खरवडायच्या, गाळणीतला चिकट गाळ मोरीत उपसायच्या, आणि हे सगळं पदर दातात धरून. "हागतात तिथंच, अन् तेच पाणी पेतात," असं त्या भाजीवाल्याला सांगत. भाजीवाला मान डोलवून जुडी हातात द्यायचा.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. दुपारी टाकीचं पाणी हातावर घेतलं तर पोळायचं. मला उन्हाळ्याची सुट्टी होती. एका दुपारी आमच्या दारात कोणीतरी खाकरलं. बघते तर काकू. एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदा आमच्या पायरीशी आल्या होत्या. हातात पाण्यानं भरलेल्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या, प्रत्येक बाटली दोन-दोन पिशव्यांत गुंडाळलेली.

"आमचा फ्रिज बंद पडला मॅडम. मेकॅनिक म्हणते, पार्ट नागपूरहून येईन. मासे मरून राहिले. पाण्याले बोट लावलं तं चहावानी लागते."

"मग बर्फ टाकायचा होता."

"काल टाकला, गोळेवाल्याकळून आणून. खडेच्या खडे टाकले. त्यातला एक उलटा झाला तो झालाच. सांडशीनं काढला मी. शी."

बर्फानं पाणी एकदम गार पडलं की माशांना सोसत नाही. बाटलीत पाणी गोठवायचं आणि ती बंद बाटली पेटीत तरंगत ठेवायची, म्हणजे पाणी हळूहळू निवतं. हे त्यांना दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं. म्हणून त्या आल्या होत्या. पण बाटल्या काही पुढं होत नव्हत्या.

"तुमच्या फ्रिजात," त्या म्हणाल्या, "थे मटण असते काय?"

"असतं. आजच आणलंय."

"शी."

पदर नाकाला लागला. माझ्याच दारात, माझ्याच तोंडासमोर. दार लावून घ्यावं असं मला वाटलं, आणि हात कडीकडे गेलाही होता. तेवढ्यात त्या खाली बघत म्हणाल्या, "मासे मेले तं यायनं दिवसभर पाहावं कोणीकडे?"

मी हात पुढे केला. बाटल्या दिल्या त्यांनी, पण माझी बोटं लागणार नाहीत अशा बेतानं, बुडाशी धरून.

"एका बाजूले ठेवजा," त्या म्हणाल्या. "लागू देऊ नका."

संध्याकाळी गोठलेल्या बाटल्या घेऊन मीच त्यांच्याकडे गेले. त्या खोलीचा वास मी अजून विसरले नाही. फिनेल, लघवी, औषधं आणि या सगळ्यांच्या वर माशांच्या तापलेल्या पाण्याचा कुबट वास. पाण्यावर तेलासारखा तवंग होता. मासे वर येऊन तोंड उघडत होते, मिटत होते. काकाही उकाड्यानं तोंड उघडं टाकून पडले होते. मी तोंडानंच श्वास घेऊ लागले.

काकूंनी बाटली सांडशीत पकडली आणि मोरीकडे निघाल्या. तिथं साबण होता.

"साबण लागला तर मासे मरतील, काकू."

त्या थांबल्या. "बरं, गोमूत्राचे दोन थेंब शिंपळले तं?"

"तेही नको. पाणी बिघडेल."

"नुसत्या पाण्यानं धुते मंग."

"नळाला कढत पाणी आहे. बर्फ वितळून जाईल."

काकू मोरीच्या उंबऱ्यावर उभ्या. सांडशीत बाटली, बाटलीवरून पाणी ठिबकतंय. आमच्या फ्रिजमधून, मटणाच्या शेजारून आलेली ती बाटली, तशीच त्यांच्या घरातल्या पाण्यात जाणार होती. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की, जणू मी उलटी केली आणि त्यांना ओंजळीत धरायला सांगितली. खरं तर मला मजा वाटत होती, कडवट मजा. काकांनी डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर थापटलं. एकदा, दोनदा. मग काकूंनी मान फिरवली आणि बाटली पाण्यात सोडली.

रोजचा रतीब सुरू झाला. सकाळी त्यांच्या बाटल्या यायच्या, दुपारी आणि संध्याकाळी जायच्या. मी मोबाइलवर वाचून त्यांना आणखी काही सांगितलं: पेटीचं झाकण काढून ठेवा, आतला दिवा लावू नका, खाणं कमी करा, पाण्यावर पंख्याचा वारा सोडा. त्यांनी सगळं केलं. आभार एकदाही मानले नाहीत. लाइट जास्त जायला लागली तेव्हा बाटल्यांना जागा व्हावी म्हणून मी एक दिवस फ्रिजरमधलं सगळं मटण काढून शिजवून टाकलं. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "काल वास आमच्या देवघरापरेंत आला." त्या दिवशी मी त्यांच्या बाटल्या फ्रिजमध्ये आपटल्या.

मग ती दुपार आली. सकाळपासून लाइट नव्हती. काकूंच्या इन्व्हर्टरवर एकच टेबलफॅन चालायचा. मी बाटल्या घेऊन गेले तर फॅनचं तोंड काकांकडे होतं आणि काका डावा हात पेटीच्या दिशेनं पुन्हा पुन्हा हलवत होते.

"मासे पायतीन त्यायचं," काकू ओरडत होत्या. "तुमी घामानं भिजून राहिले, अन् पंखा त्यायले देऊ?"

हात हलतच राहिला. शेवटी काकूंनी फॅन गर्रकन पेटीकडे वळवला आणि स्वतः पुठ्ठा घेऊन नवऱ्याला वारा घालू लागल्या. मी बाटली सोडायला वाकले तेव्हा दिसलं, सगळ्यात मोठा नारिंगी मासा तळाशी कुशीवर पडला होता. कल्ले मधूनच हलत होते. पंप बंद, बुडबुडे बंद.

"हा जातो वाटतं," मी म्हणाले.

काकांच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता तो. काकूंनी पुठ्ठा माझ्या हातात कोंबला, पदर दातात धरला, आणि उघडा हात कोपरापर्यंत त्या पाण्यात घातला. सांडशी नाही, पिशवी नाही. माशाला तळव्यात धरून सरळ केलं आणि पाण्यातून हळूहळू पुढे नेऊ लागल्या, पुन्हा पुन्हा पुढे, म्हणजे पाणी त्याच्या तोंडातून कल्ल्यात जाईल. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तोंड पूर्ण फिरवलेलं, डोळ्यांत पाणी, दोनदा कोरडी उलटी आली. हात मात्र काढला नाही. मी काकांना वारा घालत उभी होते.

बऱ्याच वेळानं माशानं शेपटी मारली आणि त्यांच्या मुठीतून निसटला. काकांच्या तोंडातून पुन्हा आवाज आला. या खेपेला त्यांचा अर्धा चेहरा हसत होता. उरलेला अर्धा हलतच नव्हता.

"हसून राहिले?" काकू म्हणाल्या. "इथं माह्या हाताले चिकटा लागला, अन् तुमी हसून राहिले?" मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, वास येते काय पाहा बरं." आणि तो ओला हात त्यांनी माझ्या नाकासमोर धरला.

वास येत होता. भयंकर येत होता. "येतो," मी म्हणाले. आणि आम्ही दोघींनी एकदमच तोंड वाकडं केलं.

काका थंडीत गेले. झोपेतच गेले. मला वाटलं, आता ती पेटी लगेच भंगारात जाईल. गेली नाही. काकूंनी पलंग काढला आणि त्या जागी आपली खुर्ची ठेवली. नवा उन्हाळा लागायच्या आत त्यांनी घर विकलं. अचलपूरला त्यांची धाकटी बहीण एकटी राहते, तिच्याकडे जायचं ठरलं. सामान टेम्पोनं गेलं, पेटीसुद्धा रिकामी करून. मासे मात्र टेम्पोवाल्याच्या भरवशावर सोडायला त्या तयार नव्हत्या.

सकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. त्यांच्या हातात दुधाची स्टीलची कॅन होती, तिच्याभोवती ओला टॉवेल.

"दूध हाय काय मावशी?" कंडक्टरनं विचारलं.

"मासे हायेत."

"मच्छी चालत नाई गाडीत."

"जिते हायेत. तुमाले खायाले नाई आणले."

कंडक्टरनं तिकीट फाडलं. काकूंनी बसच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, ऊन कुठल्या खिडकीतून येणार ते जोखलं, आणि सावलीकडच्या खिडकीत आरामात बसलेल्या एका धडधाकट माणसाला उठवलं. तो कुरकुरत उठला. त्यानं सोडलेली सीट त्यांनी पदरानं झटकली, "शी" म्हणाल्या, आणि बसल्या.

मी खिडकीखाली उभी होते. काहीतरी बोलतील असं मला वाटत होतं. बस सुरू झाली तेव्हा काकूंनी कॅनचं झाकण बोटभर उचललं, आत डोकावलं, नाक मुरडलं. मग हवा जावी म्हणून झाकण तिरकं ठेवलं आणि ते हलू नये म्हणून त्यावर तळहात दाबून धरला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या फटीकडे होतं.