पाच बिले, अर्धा तास

गेल्या वर्षी, बी.कॉम.चा निकाल लागला त्याच्या पुढच्या महिन्यात, बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत लेखा सहायकाच्या जागेसाठी माझी चाचणी झाली. मी नापास झाले. कॉलेजात मी पहिली आले होते.

खरेदीची पाच बिले अर्ध्या तासात संगणकावर नोंदवायची होती. लेखा विभागाच्या प्रमुख बाईंनी बिले समोर ठेवली आणि त्या फोनवर बोलू लागल्या. मी कोरा कागद मागून घेतला. कॉलेजात प्रत्येक नोंद आधी कागदावर मांडत असू: पट्टीने रकाने आखायचे, नावे-जमा लिहायचे, खाली कंसात व्यवहाराचा खुलासा. खुलासा राहिला तर सर अर्धा गुण कापत. संगणकाच्या तासाला सर नोंद करून दाखवत, आम्ही मागे उभे राहून पाहत असू. कीबोर्डला हात लावायची माझी पाळी तीन वर्षांत दोनदा आली.

पंचवीस मिनिटांनी पाचही नोंदी कागदावर तयार होत्या. बाई मागे येऊन थांबल्या.

"अवं पोरी, हे काय करून राहिली तू?"

"आधी कच्चं लिहून घेते, मॅडम."

"पट्टी बी घरून आणली का?"

पलीकडच्या टेबलावरची मुलगी हसली. "बाजूनं फुलं बी काढाले सांगा तिले."

"तू गप वं. पहिल्याच दिवशी प्रिंटर कोणं बंद पाडला होता?" बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. "बरोबर आहे सगळं. जीएसटी बी बरोबर काढला. मंग मशीनवर काहून नाही केलं?"

अर्धा तास संपला. पडद्यावर एकही नोंद नव्हती.

गिरणीची बस सकाळी आमच्या चौकातून जाते. त्या वेळी मी गॅलरीत जाऊन उभी राहायची. पलीकडच्या टेबलावरची ती मुलगी डाव्या खिडकीशी बसलेली असे, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर डबा. बस वळेपर्यंत मी पाहत राही. मग आई चहा निवला म्हणून हाक मारी.

पावसाळ्यानंतर मी महाल भागातल्या एका कर सल्लागारांकडे बिनपगारी काम धरले. आठ महिने रोज बिले थेट संगणकावर नोंदवली. सुरुवातीला बोटे अडत, नंतर अडेनाशी झाली.

गेल्या सोमवारी गिरणीने त्याच पदाची जाहिरात दिली. मी अर्ज केला. चाचणीसाठी शनिवारी सकाळी दहा वाजता बोलावले आहे.