न लागलेल्या दिव्याला नमस्कार

माझी दत्तावर भक्ती होती असं म्हणवत नाही. त्या दिवसांत मी त्याच्याशी नुसती भांडत होते. भाकरी थापता थापता भिंतीवरच्या तसबिरीकडे बघायचं आणि शेजारणीला बोलावं तसं त्याला बोलायचं, एवढीच माझी पूजा.

आम्ही तेव्हा कोपरगाव तालुक्यात, एका साखर कारखान्याच्या चाळीत राहत होतो. यजमान तिथेच उसाचा रस साफ करायच्या चुन्याच्या टाकीवर कामाला होते. एका सकाळी गरम चुना उसळून तोंडावर आला आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. दोष कुणाचाच नव्हता. दवाखान्यात पट्टी सुटली त्या दिवशी ते रडले नाहीत. मला म्हणाले, "माझं जाऊ दे. तुझ्या घरात तेवढा उजेड ऱ्हाऊ दे."

दिवेलागणीला बटण दाबलं की दिव्याला हात जोडायची आमच्याकडे लहानपणापासूनची सवय. घरी आल्यावरही ती त्यांनी सोडली नाही. बटणाचा टक आवाज ऐकला की खाटेवर बसल्या बसल्या वर मान करून हात जोडायचे. दिवा बरोबर त्यांच्या डोक्यावरच असायचा. मला ते बघवत नसे.

अपंग म्हणून त्यांना महिन्याला जे मिळे त्यात पोट भरे आणि वरचं मी चार घरची धुणी करून भागवी. पण दुष्काळाचं साल आलं, प्यायलाच पाणी नाही तिथे धुणी कोण काढणार? माझी कामं सुटली. खोलीचं भाडं थकलं, विजेचं बिल थकलं. एका दुपारी हे देवळात गेलेले असताना खांबावरून आमची वीज तोडली. थोड्या दिवसांनी खोली तीन महिन्यांत रिकामी करण्याची कारखान्याची नोटीसही आली. आंधळ्या माणसाला घेऊन मी कुठे जाणार होते? ही खोली त्यांना पावलांनी पाठ होती.

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. रोज संध्याकाळी मेलेलं बटण दाबत राहिले आणि ते अंधाराला हात जोडत राहिले. रॉकेलची चिमणी लावली असती, तर वासाने त्यांना कळलं असतं. म्हणून उजेडी स्वयंपाक उरकायचा आणि अंधारात वाढायचं, अंधारातच जेवायचं. घास हातात धरून मी मनात दत्ताला म्हणायची, एकाचे डोळे नेलेस ते पुरले नाहीत का तुला?

दोनेक महिन्यांनी एक वायरमन मीटर काढून न्यायला आला. अनोळखी, उन्हाने रापलेला माणूस. मी खुणेनेच त्याला गप्प राहायला विनवलं. यजमानांनी कोण आलंय विचारलं, तेव्हा मीटर तपासायला आलेत असं सांगितलं. तो स्क्रू सोडवत होता तोवर तिन्हीसांज झाली आणि माझा हात सवयीने बटणाकडे गेला. टक आवाज झाला. यजमानांनी हात जोडले. वायरमनने वर दिव्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून त्यानेही हात जोडले.

मीटरची फळी निघावी म्हणून त्याने शेजारची तसबीर उचलली. मागून एक घडी केलेला कागद पडला. महत्त्वाचं काही आलं की मी ते देवामागे खोचून ठेवी. हा कागद अपघाताच्या दिवसांत आला होता, इंग्रजीत होता, आणि मी तो तिथे ठेवून साफ विसरले होते. उंबऱ्यात उभं राहून त्याने तो वाचला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, कायमचं अपंगत्व आलेल्या कामगाराचं खोलीभाडं अन् विजेचं बिल कल्याण निधीतून भरत्यात. ह्यो त्याचाच अर्ज हाय. तुमी भरलाच न्हाई."

मी तो कागद हातात घेतला. वर्षभर मी ज्या दत्ताशी भांडत होते, त्याच्या पाठीशीच तो होता, आणि तिथे ठेवलाही मीच होता.

त्याने स्क्रू पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मला कारखान्याच्या कचेरीत नेलं, अर्ज भरला, नोटीस थांबवून घेतली. पंधरा दिवसांनी वीज जोडायला आला तो दुसराच माणूस. पहिल्याची बदली झाली होती आणि मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. तो कोण होता यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

त्या संध्याकाळी बटण दाबलं आणि खोली भरून उजेड पडला. मला हुंदका आवरेना. यजमानांनी रोजच्यासारखे हात जोडले आणि शांतपणे विचारलं, "आज खरंच लागला व्हय?"

पदराने डोळे पुसत मी त्यांच्याजवळ बसले.

"पहिल्याच दिशी कळलं मला. वाढताना तुझा हात माझ्यावानी चाचपत हुता."

"मग हात कशाला जोडत होतात?"

"तू बटण दाबत हुतीस न्हवं," ते म्हणाले.

पुढे दोनच हिवाळे ते राहिले. शेवटपर्यंत ती खोली त्यांचीच होती आणि तिच्यात उजेड होता, याचे उपकार मी कसे फेडू? भांडण मात्र तेव्हाच संपलं. आता मागणं काही उरलं नाही. दिवेलागणीला बटण दाबते. कधी वीज गेलेली असते. तरी त्यांच्यासारखी मान वर करते आणि हात जोडते.