लाल पिन

कुठलीही कड दिसली की तो तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचा. सायकलच्या घंटीवरून, चहाच्या कपावरून, लग्नातल्या ताटावरूनसुद्धा. "नख लावून बघावं मानसानं," म्हणायचा, "डोळा भिडंला पडतो."

त्याचं नाव मी लिहीत नाही. ते घेण्याचा हक्क मी गमावला, तो कसा तेच सांगायचं आहे.

पिंपरीच्या माळावर आमची कंपनी नवी उभी राहिली तेव्हाची ही गोष्ट. तो आकुर्डीचा, जुन्या घरातला. लेथवर टर्नर म्हणून लागला होता, अजून कायम झाला नव्हता. मी तपासणी खात्यात इन्स्पेक्टर. तो पोलादी पिना कातायचा, मी त्या मापायचो. मापायला घोड्याच्या नालासारखं एक गेज असे. त्याची एक फट पिनेवरून सरकली पाहिजे, दुसरी अडली पाहिजे. दुसरीही सरकली, तर पिन बारीक झाली, वाया गेली. पास झालेल्या पिनेवर मी माझ्या नंबराचा ठसा मारायचो, नापास झालेलीला लाल रंग लावायचो.

एका सकाळी ते गेज माझ्या हातून फरशीवर पडलं. कोपऱ्याला टवका उडाला. मी ते पुसलं आणि तसंच वापरलं, कारण महिन्याभरापूर्वी एक मोडल्याबद्दल मी बोलणी खाल्ली होती. पडल्यामुळे त्याची दुसरी फट जराशी फाकली होती, चांगल्या पिनेवरूनही सरकत होती. त्या दिवशी त्यानं कातलेल्या पिनांची सगळी पेटी मी लाल केली.

फोरमनसमोर तो शांत होता. गेज हातात घेऊन त्यानं नख फिरवलं, टवक्यापाशी थांबला आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, एकदा गेज तपासा."

फोरमननं मला विचारलं. मी म्हणालो, "गेज बरोबर आहे." तेवढंच. त्याच आठवड्यात त्याला काढलं. दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमधून नवं गेज घेतलं आणि जुनं झिजलं असं लिहिलं. जाताना त्यानं एक लाल पिन खिशात टाकली. भंगारच ते, म्हणून गेटवरच्या पहारेकऱ्यानं अडवलं नाही.

मग तो चिंचवडच्या बाजारात विळे-कुऱ्हाडींना धार लावायला बसला. मी रस्ता बदलून जायचो. पुढे तो शेतकऱ्यांची पाण्याची इंजिनं दुरुस्त करू लागला. भंगारातला एक लेथ आणून त्यानं हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि लेथ ऑइल इंजिनाच्या पट्ट्यावर फिरवला. दारात तारेनं ती लाल पिन टांगली. गिऱ्हाइकानं विचारलं की सांगायचा, "ही माझी डिगरी."

कुणी तरी त्याला म्हणालं, नोकरी गेली ते बरंच झालं की राव, मालक झालास. त्यावर तो म्हणाला, "हिरीत ढकलल्यावर पवायला आलं, म्हून ढकलनाऱ्याला गुरू म्हनायचं व्हय?" हे माझ्या कानावर आलं. खरं सांगतो, त्याचं बरंच झालं, अशीच मीही मनाची समजूत घालत होतो.

तीनेक वर्षांनी कंपनीला पिना कमी पडू लागल्या आणि बाहेर काम द्यायची वेळ आली. जवळपास तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्यानं फोरमनला एकच अट घातली. माल त्याच्या शेडमध्ये, त्याच्यासमोर तपासायचा आणि ठसा माझाच हवा.

दर शनिवारी मी जाऊ लागलो. इंजिन घेऊन आलेले शेतकरी बसलेले असत. "या, इन्स्पेक्टर," म्हणून तो त्यांना माझी ओळख करून द्यायचा. "ह्यांच्या एका शब्दावर मानसाची भाकरी उठती. बसा नीट." माणसं खरोखर सावरून बसत. चहा सगळ्यांना काचेच्या ग्लासातून, मला मात्र काठाला टवका उडालेल्या कपातून. तो कप त्यानं माझ्यासाठी वेगळा ठेवला होता. "ओठ सांभाळा," म्हणायचा. लोक हसायचे, मीही हसायचो. आणि तो कातायचा असा, की एका पिनेतही खोट निघायची नाही. मी ठसा मारत जायचो. प्रत्येक ठशाला तो मान हलवायचा. जणू एकेक टाका उसवून घेत होता.

एका शनिवारी एक पिन हातात आली आणि गेजची दुसरी फट तिच्यावरून सरकन गेली. पुन्हा लावलं, पुन्हा गेली. तो पाठमोरा पट्टा चढवत होता. माझ्या मनात आलं, या माणसाला मी लाल रंग पुन्हा लावणार नाही. ही एक पिन कंपनीत नेऊन गुपचूप भंगारात टाकीन. तेवढीच परतफेड. मी ठसा मारला.

त्यानं इंजिन बंद केलं. जवळ आला, ढिगातून नेमकी तीच पिन उचलली.

"ही मी मुद्दाम बारीक केली," तो म्हणाला. "चार दिस इचार करून."

माझ्या तोंडून निघालं, "तुमच्यासाठीच पास केली."

"माझ्यासाठी?" आवाज चढला नाही त्याचा. "मला वाटायचं, तवा तुमी भ्यालात. भ्याल्याला माफी असती. आज कुनाचं भ्या व्हतं? तवा चांगल्याला वाईट म्हनलात, आज वाईटाला चांगलं. तुमच्या तोंडी खरं येतच न्हाई, इन्स्पेक्टर."

शेतकरी खाली बघत होते. त्यानं ती पिन ठेवून घेतली. "फोरमनला मी सांगनार न्हाई. सांगायचं तर तुमी सांगा. आन ह्या कंपनीचं काम आजपास्नं बंद."

मी सांगितलं. लगेच नाही, दोन महिने घालवले. पडलेलं गेज, लाल केलेली पेटी, शेवटची पिन, सगळं फोरमनपुढे ठेवलं. ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "जुनं काय उकरताय? त्याचं तर भलंच झालं की." मला शिक्षासुद्धा मिळाली नाही.

तरी सांगितलं एवढं त्याला कळवावं म्हणून मी तसाच शेडकडे गेलो. शेडची जागा रिकामी होती. जमीन कुठल्या तरी नव्या कारखान्याला गेली, तो लेथ बैलगाडीत घालून चाकणच्या बाजूला गेला, एवढंच पलीकडच्या पंक्चरवाल्याला माहीत होतं. गाव त्याला ठाऊक नव्हतं.

दाराची चौकट तेवढी उभी होती. तिला एकाच तारेनं दोन पिना बांधलेल्या होत्या. एक लाल, एक माझ्या ठशाची. तारेला इतके पीळ दिले होते की हातानं सुटणं शक्य नव्हतं.

मी अंगठ्याचं नख दोन्हींच्या कडेवरून फिरवलं. कुठेही अडलं नाही. मुद्दाम बिघडवलेल्या पिनेचीही कड त्यानं घासून गुळगुळीत केली होती.