कॅन्ससच्या सरळ रस्त्यावरचा चकवा

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचत असते. आणि खरं सांगू? निम्मे अनुभव वाचून मनात म्हणते, "झोप कमी पडली असेल." मी हवामानशास्त्रात पीएचडी केलीय. साधा ढग दिसला तरी "का?" विचारायची खोड आहे मला. त्यामुळे हे लिहिताना ऑकवर्ड होतंय... पण परवा निखिलशी फोनवर बोलले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

निखिल माझा चेसिंग पार्टनर. मी पुण्याची, तो नागपूरचा. काही वर्षांपूर्वी तो ओक्लाहोमात आयटीत होता, मी तिथेच शिकत होते, आणि मे महिना आला की सुट्ट्या साठवून आम्ही वादळांचा पाठलाग करत शूटिंग करायला निघायचो. तो ड्राइव्ह करणार, मी रडार आणि कॅमेरा सांभाळणार — ठरलेलं.

त्या दिवशी आम्ही पश्चिम कॅन्ससमध्ये होतो. दुपार उलटून गेली होती. नैर्ऋत्येकडून एक जबरदस्त सुपरसेल येत होतं — म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारं अवाढव्य वादळ, ज्याच्या पोटातून टॉर्नेडो उतरतो. ते पोचायच्या आत त्याच्या पुढून दक्षिणेला निसटायचं आणि हायवे गाठायचा, असा प्लॅन होता. मातीचा रस्ता, पट्टीने आखल्यासारखा सरळ. दोन्हीकडे गहू. वळण नाही, फाटा नाही.

डाव्या हाताला धान्य साठवायचा एक सायलो लागला. उंच, पत्र्याचा, वरपासून खालपर्यंत गंजाचा एक ओघळ. पायथ्याशी जुनी पिवळी स्कूल बस. चाकं गवतात बुडालेली, बॉनेट उघडं आणि आत इंजिनच नाही. छान फ्रेम होती, पण थांबायला वेळ कुठला!

थोडं पुढे गेलो... परत डाव्या हाताला सायलो. तसाच ओघळ. तशीच बस.

"निखिल, हा मगाशी गेला ना?"

"इथले सगळे सायलो सेमच दिसतात यार."

पुन्हा दिसला तेव्हा मात्र त्याने स्पीड कमी केला. बॉनेट उघडं. इंजिन नाही. मी फोन बघितला. मॅपवर आमचा निळा ठिपका शहाण्यासारखा दक्षिणेकडे सरकत होता!

माझ्या तोंडून निघून गेलं, "चकवा लागलाय आपल्याला."

"पागल आहेस का? जीपीएस चालू असताना कसला चकवा?"

"आजोळी सांगायचे, चकवा लागला की चालत राहायचं नाही, आहे तिथे थांबायचं. तू थांब."

घाबरला की निखिलची नागपुरी बाहेर येते. "काहून थांबू? मरायचं हाय का इथं?"

त्याचंच बरोबर होतं. उजवीकडचं आभाळ हिरवट काळं झालं होतं, टपावर गारा ताडताड वाजत होत्या. सुपरसेलच्या वाटेत गाडी थांबवायची नाही, हे त्याला मीच शिकवलेलं. आणि आता मीच थांब म्हणत होते... का, ते तेव्हाही कळत नव्हतं.

गारांच्या पडद्यातून तो सायलो आणखी एकदा समोर आला. "थांब!" मी किंचाळले. गाडी कचकन थांबली.

आणि पुढे, पावसाच्या भिंतीतून, टॉर्नेडो बाहेर आला. पावसात इतका गुंडाळलेला की तोवर दिसलाच नव्हता. उजवीकडून डावीकडे, आमचाच रस्ता ओलांडून गेला. कुंपणाचे खांब उपटून वर जाताना दिसले. आवाज कानात नाही, छातीत ऐकू येत होता. कॅमेरा माझ्या मांडीवर तसाच बंद पडून होता. आम्ही पुढे जात राहिलो असतो तर बरोब्बर त्याच्याखाली सापडलो असतो.

पाऊस विरळ झाल्यावर मी डावीकडे पाहिलं. गहू. काटेरी तार. सायलो नाही, बस नाही. हायवे मात्र समोर दिसत होता — अगदी जवळ.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात आम्ही तो सगळा रस्ता पुन्हा पालथा घातला. काही नाही. एक म्हातारी बाई पिकअप थांबवून म्हणाली, "यू किड्स लॉस्ट?" सायलोबद्दल विचारलं तर ती हसली. लग्न होऊन आल्यापासून ती तिथेच राहते म्हणे, या रस्त्यावर सायलो कधी नव्हताच.

मग गाडीतल्या डॅशकॅमचं फुटेज बघितलं. टॉर्नेडो स्पष्ट आहे. त्याआधी नुसता सरळ रस्ता आणि गहू. पण आवाज आमचे आहेत! "हा मगाशी गेला ना?" असं मी विचारते तेव्हा स्क्रीनवर डावीकडे रिकामं शेत आहे.

थकवा, अ‍ॅड्रेनलिन, सगळं लावून पाहिलं. पण दोघांना एकच भास? मग मी विषय बंद केला — मी घाबरून ओरडले, तो थांबला, नशिबाने वाचलो, बस. निखिलने त्यानंतर चेसिंग सोडलं. आता तो अमेरिकेतच, अल्फारेटाला असतो, बायको आणि मुलीबरोबर. त्या दिवसाबद्दल कधी बोलायचा नाही.

परवा त्याच्या मुलीच्या शाळेचा पहिला दिवस होता, म्हणून त्याचा फोन आला. बोलता बोलता मी गमतीत म्हटलं, "तेव्हा माझं ऐकलंस म्हणून आज हे बघतोयस हं!"

तो हसला नाही. मग म्हणाला, "तुझं ऐकून नव्हतो थांबलो. मला तुझा आवाज आलाच नव्हता."

"मग?"

"बसचे लाल दिवे लागले ना. स्टॉपचा बोर्ड बाहेर आला. स्कूल बसचा बोर्ड बाहेर आला की इथे थांबावंच लागतं, सवयीने पाय ब्रेकवर गेला. तू नाही पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. आणि मी बसकडेच बघत होते.

तो बोर्ड मुलं चढत-उतरत असली तरच बाहेर येतो. मी विचारलं, "कोणी उतरलं?"

पलीकडे त्याची मुलगी "बाबा, हू इज इट?" विचारत होती. "नंतर बोलू," म्हणाला आणि फोन ठेवला.

काल रात्रभर तेच तेच फुटेज ऐकत बसले. इतक्या वर्षांत हे कसं लक्षात आलं नाही, कळत नाही... ब्रेकचा आवाज आधी येतो. माझं "थांब!" त्याच्यानंतर आहे.

स्क्रीनवर गारा आहेत, गहू आहे. बाकी कोणी नाही. कारण विचारू नका, माझ्याकडे नाहीये.