जवाईचा डावा पाय

मोठीमाय आयुष्यभर एकच खोटं बोलली. "आता एकच राहिला." लहानपणी बांधावरून पायात काटे मोडून घेऊन आलं की पहिला काटा काढायच्या आधीच ती हे सांगायची. दुसऱ्या काट्याला तेच, तिसऱ्याला तेच. मी रडत म्हणायची, "मघाशीही एकच होता." ती म्हणायची, "तो दुसरा एक होता." पोपटाची नखं कापतानाही पहिल्या नखापासून हेच चालायचं. त्या बिचाऱ्याला मोजता येत नव्हतं, म्हणून तो भांडत नव्हता. चावायचा मात्र.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. कोहमाऱ्याजवळच्या आमच्या गावात ती आमच्यासोबतच राहिली. सकाळपासून ओसरीवर बिड्या वळत, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेला तेंदूपत्ता. एका वादळानंतर तिला सागाखाली पोपटाचं पिल्लू सापडलं. पंख मोडलेला होता, तो पुढे कधी धड झाला नाही. तिने त्याचं नाव ठेवलं जवाई. कोणी हसलं की म्हणायची, "देवानं पोरगी देल्ली नाई, मंग जवाई कोठून येईन? म्हनून हा. खाते, रुसते, अन् जायाचं नाव नाई घेत."

शेजारचा सोमा नागझिऱ्यात गाईड आहे. तो येता-जाता तिला टोकायचा, "मोठीमाय, पोपट पाळनं गुन्हा आहे. सांगून राहिलो, मंग म्हनशीन सांगतलं नाई."

"मंग ने ना जंगलात. पयले त्याले उडून दाखवाले सांग."

एकदा सोमाच काटे तासलेली बाभळीची फांदी घेऊन आला. पिंजऱ्यातली गुळगुळीत काडी काढून ती बसवली. खडबडीत फांदीवर नखं आपोआप झिजतात म्हणाला. झिजायची, पण पुरेशी नाही. पंखाने अधू पोपट जागचा फारसा हलत नाही, त्याची नखं वाकडी होऊन वाढत जातात.

पहिल्यांदा नखं कापली तेव्हा मोठीमायने मोठीच चूक केली. नखाच्या आत रक्ताची शीर असते, ती कापली गेली. रक्त थांबेना. आमच्या घरात कुठेही कापलं की सुपातली चिमूटभर तंबाखू दाबायची, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. तिने तेच केलं. रक्त थांबलं, पण थोड्याच वेळात जवाई मान टाकून बसला, थरथरायला लागला, ओकला. मोठीमायने त्याचा पाय पाण्याने धुतला, पदरात गुंडाळला आणि तशीच जनावरांच्या डॉक्टरकडे धावली. मी तिच्या मागे. तिच्या पायात चपला नव्हत्या हे मला रस्त्यात दिसलं, तिला घरी आल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, तंबाखू विष आहे पाखराला. साधं पीठ दाबा." जवाई वाचला. मोठीमाय मात्र पुढे कित्येक दिवस स्वतःचे हात नाकाशी नेऊन हुंगायची. "जन्मभर हेच हात घेऊन बसलो मी," एवढंच म्हणायची.

त्यानंतर नखं कापणं म्हणजे आमच्या घरातला एक विधीच झाला. सूप आत ठेवायचं. कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. तांदळाच्या पिठाची वाटी जवळ. उन्हाच्या तिरिपेला बसायचं, म्हणजे नखातली शीर दिसते. मोठेबाबांच्या धोतराच्या तुकड्यात जवाईला गुंडाळायचं, मान बोटांच्या बेचक्यात धरायची, छाती अजिबात दाबायची नाही. "पाखराचा दम छातीत नाई, छातीच्या हालन्यात राहते. दाबली का गेला." लहान मुलांच्या नेलकटरने फक्त टोक घ्यायचं, शीर दिसली नाही तर आणखी कमी. आणि दोन्ही पाय एका दिवशी कधीच नाही. आज उजवा, डावा पुढच्या बाजाराच्या दिवशी. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "एक पाय त आपला पायजे ना त्याले धरून बसाले."

तिच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्याचं नख लांब होतं, पिवळं आणि दगडासारखं टणक. त्या नखाने बिडीचं तोंड मुडपलं जातं. आमच्याकडे मुलगी बिड्या शिकायला बसली की ते नख वाढवते. मी दहावी झाले तेव्हा बाबा म्हणाले, "आता बसव तिले सुपावर." तेव्हापासून दर रविवारी मोठीमाय मला समोर बसवून माझी नखं कापायला लागली. अंगठ्याचं तर मांसापर्यंत. बाबांनी विचारलं, "काऊन वो वयनी, पोरीचं नख वाढू नाई देऊन राहिली?" ती म्हणाली, "बोथट हाताची आहे ते. तिच्याच्यानं बिडी नाई होत. शिकू दे." मी बोथट हाताची नव्हते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, गोंदियात रोज जाऊन-येऊन नोकरी करते. हे मी लपवत नाही, मिरवते. पण कोणी विचारलं तुला कोणी शिकवलं, तर मला आधी नेलकटर आठवतो.

गेल्या हिवाळ्यात तिची छाती बिघडली. दम आधीपासून होता, पण तो ती मोजत नव्हती. गोंदियाला दवाखान्यात ठेवलं. तिच्या हाताची शीर सापडेना. नर्स पुन्हा पुन्हा सुई टोचायची आणि पुन्हा काढायची. मोठीमाय भिंतीकडे बघत होती. मी तिचा दुसरा हात धरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकच राहिला, मोठीमाय."

ती वळली. ऑक्सिजनच्या नळीखालून हसली. "लबाड."

मग म्हणाली, "जवाईचा डावा पाय राहिला वो."

"घरी जाऊन तूच काप."

"तू कापजो."

"मला नाही जमायचं. तो मला फोडून काढेल."

"चावन तो. चावू दे. छाती नको दाबजो." दम घेऊन म्हणाली, "नाई त राहू दे. बाजारापर्यंत येतोच मी."

ती आली नाही. बाजाराचा दिवस तिच्या तेरवीच्या आत येऊन गेला.

घरी पिंजऱ्यात जवाई होता. उजव्या पायाची नखं आखूड, गोल, तिने कापलेली. डाव्याची वाकडी, लांब. तो फांदीवर तिरका बसायचा. मी रोज बघायची आणि हात लावायची नाही. माझी माय म्हणाली, "कापून टाक ना आता." मी म्हणायची, कापू. खरं सांगायचं तर तिने अर्धवट ठेवलेलं काम मला पुरं करायचं नव्हतं. पुरं केलं की संपलं.

एका दुपारी मोठा फडफडाट ऐकू आला. पिंजऱ्यावर टाकलेल्या तरटात त्याचं लांब नख अडकलं होतं. जवाई एका पायावर उलटा लटकत होता, धड असलेला पंख आपटत होता, किंचाळत होता. मी कात्रीने तरट कापून त्याला सोडवलं. मग सूप आत नेऊन ठेवलं. सुपात आता काही नव्हतं, तरी नेलं. मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, तरी कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. मायने धोतराचा तुकडा धरला. जवाईने माझं बोट फोडलं. पहिल्याच नखाला मी म्हणाले, "झालं रे बापू, एकच राहिला." तो हिसडा मारायचा थांबला आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला. मायने तोंड फिरवलं. एका नखाला थोडं रक्त आलं. पीठ दाबलं, थांबलं.

उजव्या पायाची नखं बरेच दिवस कापावी लागली नाहीत. उन्हाळी धान निघालं तेव्हा तीही नखं वाढून वाकडी झाली. मोठीमायने कापलेली टोकं हळूहळू पुढे सरकत अगदी शेवटाला आली होती. बाजाराच्या दिवशी मी वाटीत पीठ घेऊन उन्हाच्या तिरिपेला बसले. पहिल्या नखाला म्हणाले, एकच राहिला. दुसऱ्याला म्हणाले. तिसऱ्याला म्हणाले.

मग खरंच एकच राहिलं. तिच्या हातचं तेवढंच. तेव्हा मात्र ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. छाती दाबली जाणार नाही असा जवाईला धरला आणि न बोलता कापलं.